बाहुल्यांचा गेम

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. कुत्र्याला भितो, हेडमास्तरांना भितो, रस्ता अडवून उभ्या राहिलेल्या म्हशींनासुद्धा भितो. अशा माणसाला मारामारीच्या व्हिडिओ गेमचा नाद लागावा, यावर माझी बायको प्रीती अजून हसते. नाद म्हणजे तसा बेताचाच. मी चित्रकलेचा मास्तर, शाळा दुपारची. घरातून जरा लवकर निघायचं, मंगळवार पेठेत शालूबाईंच्या पार्लरमध्ये एखाद-दुसरा डाव खेळायचा आणि घंटा व्हायच्या आत वर्गात हजर. त्या वेळी माझे विद्यार्थी आपापल्या घरी जेवत असायचे, तरी दारातून आत शिरताना मी दोन्ही बाजूंना बघूनच शिरायचो. मास्तर गेम खेळतात, ही बातमी शाळेत पोचली असती तर माझी काही धडगत नव्हती.

ही अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवची गोष्ट. शालूबाईंच्या नवऱ्याचं सायकलचं दुकान होतं. तो वारल्यावर बाईंनी तिथं गेमची मशीनं आणून मांडली. स्वतः दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि कुणी शिवी दिली की सरळ मशीनची पिन उपटायच्या. सगळी पोरं एकाच मशीनवर तुटून पडायची. त्यात रक्ताच्या चिळकांड्या उडायच्या, मुंडकी उडायची, आणि पुढच्या राउंडला तोच गडी ठणठणीत उभा. कोपऱ्यातलं माझं मशीन मात्र रिकामं असायचं. त्यावरची जपानी अक्षरं कुणालाच वाचता येत नव्हती. आतली माणसं मोठ्या डोळ्यांची, टोकदार केसांची, म्हणून पोरांनी त्याला नाव ठेवलं होतं, बाहुल्यांचा गेम.

माझं मत विचाराल तर त्या पोरांना अक्कल नव्हती. ज्यानं कुणी तो गेम काढला, त्याला माणसाचं अंग कळत होतं. छत्री घेऊन लढणारी मुलगी वेगळी उभी राहायची, मासे विकणारी जाडी बाई वेगळी, काखेत मडकं घेतलेला भिक्खू वेगळा. नुसत्या सावल्या दाखवल्या असत्या तरी कोण कोणता हे मी सांगितलं असतं. मी अर्थातच भिक्खू घ्यायचो. तो आपण होऊन कुणाला मारत नाही, असं मी घरी सांगायचो. ते साफ खोटं होतं.

पण त्या गेमची खरी गोम पुढंच होती. त्यात लागलेलं ते लागलेलंच राहायचं. खांद्यावर मार बसला की तो हात पुढच्या राउंडलाही लोंबत राहायचा, त्या हाताचे फटके निम्मेअधिक वाया जायचे. गुडघ्याला बसला तर गडी लंगडायचा. पोरांना नेमकं हेच नको असायचं. निम्मा डाव लुळ्यापांगळ्या माणसाला घेऊन खेळायचा यात कसली मजा, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र तेवढंच पटायचं. मार बसतो तो असाच बसतो. मला लहानपणापासून त्याचा अनुभव आहे.

एकदा माझा भिक्खू असाच एका हातानं लढत होता आणि शेजारी अंधार झाला. मान वर केली तर दारातला उजेड अडवून एक पैलवान उभा. कान मोडलेले, मान माझ्या मांडीएवढी. मी घाईघाईनं उठून जागा द्यायला लागलो.

"बसा की पावणं," तो म्हणाला. "मला बी शिकवा."

त्याचं नाव विश्वजित. कागलकडच्या कुठल्याशा गावचा, बाविशीच्या आतबाहेरचा. दोन गल्ल्या सोडून गणपतराव वस्तादांची तालीम होती, तिथं लहानपणापासून राहायचा. पहाटेची मेहनत आणि खुराक झाला की पैलवान दुपारपर्यंत झोपतात. याला हल्ली झोप लागत नव्हती, म्हणून उठून हिंडत होता. मी चित्रकला शिकवतो हे कळल्यावर पावण्याचा मास्तर झालो आणि आमची रोज गाठ पडायला लागली.

गेममध्ये एक कुस्तीगीर होता, पोट सुटलेला, शेंडीवाला. मला वाटलं हा तोच घेणार. त्यानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. घेतली ती छत्रीवाली मुलगी. ती कुणाच्या हाती लागत नाही, हवेतल्या हवेत निसटते, म्हणून ती. एवढा धिप्पाड माणूस त्या मुलीला इकडून तिकडं पळवत राहायचा. आणि माझ्या भिक्खूनं तिला कधी उचलून डोक्यावर आपटलंच, तर याचा हात मशीनवरून सुटून आपल्या मानेवर जायचा. पहिल्या दिवशी मला त्याची गंमत वाटली होती.

या मशीनवर डाव्या हातात हँडल धरायचं आणि उजव्या हाताची बोटं बटणांवर ठेवायची. पहिला राउंड विश्वजित बरा खेळायचा. दुसऱ्यात त्याची मुलगी अचानक जागच्या जागी उभी राहायची, मार खात. मी म्हटलं नवशिका आहे. मग एका सकाळी पडद्यावरून नजर काढून मी त्याच्या हाताकडं बघितलं. बोटं हँडलवर होती, पण हँडल धरलेलं नव्हतं. ती नुसती त्यावर ठेवली होती. आणि विश्वजित पडद्याकडं न बघता त्या हाताकडं बघत होता, आपला हात जागेवर आहे ना याची खात्री करून घेत असल्यासारखा.

काय झालं, म्हणून मी विचारलं. त्यानं उजव्या हातानं डावा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. मग शालूबाई दारात आहेत, ऐकत नाहीत, असं बघून हळू आवाजात सगळं सांगितलं.

सरावाच्या लढतीत जोडीदारानं उचलून टाकला तेव्हा तो मानेवर पडला होता. त्या वेळी काही वाटलं नाही, उठून पुन्हा कुस्ती धरली. नंतर खांद्यापासून मुंग्या यायला लागल्या, जोर केला की हात मरायला लागला. तालमीत कुणाला पत्ता लागू न देता तो मिरजेला जाऊन आला होता. तिथल्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरून सांगितलं, की पुन्हा असा मानेवर पडलास तर गळ्याखालचं सगळं अंग जाईल. जीव राहील, बाकी काही राहणार नाही.

"मग कुस्ती बंद ना आता?" मी विचारलं.

"वडगावच्या अंगाला जत्रा हाय, पुढल्या आठवड्यात. माझी कुस्ती लागलीया. वस्तादांनी पंचांच्या म्होरं माझा हात जोडीच्या हातात दिलाय."

कोल्हापुरात राहणाऱ्याला यापुढचं सांगावं लागत नाही. वस्तादानं आपल्या पैलवानाचा हात जोडीच्या, म्हणजे समोरच्या गड्याच्या, हातात दिला की कुस्ती ठरली. हँडबिलावर नाव छापलं जातं, गावोगाव भिंतींवर लागतं. त्यानंतर माघार घेणारा पैलवान स्वतः तर संपतोच, वस्तादाचंही नाव घालवतो. मी तरीही म्हणालो, की वस्तादांना सांग, बापाच्या जागी आहेत तुझ्या. त्यावर त्यानं माझं मनगट धरलं, चांगल्या हातानं. माझी बोटं ओढून त्यानं आपल्या मानेवर टेकवली.

"माझ्या मानंची शपथ हाय तुमास्नी. कुणाला बोलायचं न्हाय."

शपथा, उतारे, असल्या गोष्टींना आमच्या घरात थारा नाही. वडिलांनी छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हाच ते सगळं उंबऱ्याबाहेर टाकलं. पण बोटांखाली ती मान गरम लागत होती, आतली शीर उडत होती, आणि मी मुंडी हलवली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. फळ्यावर माणसाची आकृती काढायला घेतली की मान काढताना हात थांबायचा. एका मुलानं विचारलं, सर, याला डोकं कधी लावणार. मी त्याच्यावर खेकसलो, आणि मी खेकसणारा मास्तर नाही. प्रीतीला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, शपथ त्यानं आपल्या सोयीनं घातली आहे, तुम्ही उद्याच्या उद्या वस्तादांना गाठा. तिचं बरोबर होतं. ती नेहमी बरोबरच असते, त्यामुळं माझी भीती काही कमी होत नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या दारात चपला काढून मी आत गेलो. गणपतराव वस्ताद साठीच्या पुढचे, पटक्याखाली भुवया पांढऱ्या झालेल्या. मातीच्या हौदाच्या कडेला बसून पोरांच्या जोड्या लावत होते. चुकलेल्या पोराला ते हाक मारत नव्हते, नुसतं बघत होते, आणि तेवढ्यानं पोरगं वाळल्यागत होत होतं. मला म्हणाले, या, बसा, काय काम काढलं? मी तोंड उघडलं. हौदापलीकडं विश्वजित उभा होता. त्याचे डोळे माझ्यावर होते, आणि उजवा हात आपल्या मानेवर.

मी म्हणालो, की मला पैलवानांची चित्रं काढायची आहेत.

असा माझा पराक्रम. वस्ताद खूष झाले. इथं कशाला, मैदानातच या, तुम्हाला पुढं बसवतो, जवळून सगळं दिसेल, म्हणाले. मी बाहेर येऊन चपला घातल्या आणि कोपऱ्यावर जाऊन ओकलो.

विश्वजितला शेवटचं समजावून बघितलं ते शालूबाईंकडंच. तो छत्रीवालीला घेऊन बसला होता, आणि पहिल्याच राउंडला तिचा डावा हात गेला होता. ती एका हातानं छत्री सावरत मागं मागं सरत होती.

"ह्यो गेम खरं बोलतोय बगा मास्तर," तो म्हणाला. "त्या तिकडच्या मशीनवर मुंडकं उडालं तरी गडी उठतोय. असं कुटं असतंय व्हय?"

मग जाऊ नकोस, मी म्हणालो. तो हसला. पहिल्या झटक्यालाच जोड पाडतो, म्हणाला, हात मरायच्या आत. आणि हँडल सोडून निघून गेला. पडद्यावर ती मुलगी मार खात उभी राहिली, आणि तिला पळवायला मीही हात पुढं केला नाही.

जत्रेच्या दिवशी उन्हं कलायच्या आधी मी मैदानात पोचलो. हलगी कडाडत होती. उतारावर माणसांवर माणसं बसली होती. मला गर्दीची भीती वाटते, आणि परक्या गावातल्या गर्दीची जास्त. तिथं कुणी नाव विचारलं की पुढचा प्रश्न आडनावाचा असतो. वस्तादांनी शब्द पाळला होता. त्यांनी मला आखाड्याच्या अगदी कडेला बसवलं. सगळ्यांसारख्या मीही चपला काढून मांडीखाली घेतल्या आणि कागद गुडघ्यावर धरला. कागदावर काहीही उमटत नव्हतं.

विश्वजितची जोड सांगलीकडची होती. गडी गोरा, ठेंगणा, खालच्या अंगाला भारी. सलामी झाली. पहिल्या झटक्याला विश्वजितनं त्याला खाली घेतला, लोक उभे राहिले, मीही उठलो. मनात म्हटलं, पाड, पाड एकदाचा. पण सांगलीचा गडी निसटला, आणि सगळे परत खाली बसले. पुन्हा खडाखडी, हाताला हात भिडवून एकमेकांचा अंदाज घेणं. वेळ जायला लागला तसा विश्वजितचा डावा खांदा उतरायला लागला. इतक्या हजारो माणसांत ते कुणाला दिसत नव्हतं, वस्तादांनाही नाही, त्यांची नजर पायांवर होती. मला दिसत होतं. तो उतरलेला खांदा मी वर्षभर कोपऱ्यातल्या मशीनवर रोज बघितला होता.

सांगलीचा गडी खाली वाकला. कलाजंग मारायला निघाला होता, म्हणजे मांडीत हात घालून माणूस खांद्यावर आडवा घ्यायचा आणि पलीकडं फेकायचा. विश्वजितनं त्याच्या कमरेला डाव्या हाताची पकड घातली. त्या पकडीवर सगळं होतं. आणि माझ्या डोळ्यांदेखत ती बोटं एकेक करून उघडली.

मी ओरडलो. हलगीपुढं माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

आत पळत जायचं तर त्यानं काही होणार नव्हतं. जोशात येऊन आत घुसणारी माणसं दर मैदानात असतात, पंच त्यांना मानगूट धरून बाहेर काढतात, कुस्ती चालूच राहते. कुस्ती थांबते ती एकाच गोष्टीनं. तांबड्या मातीत पायताण घालून कुणी पाऊल ठेवायचं नाही. कधीच कुणी ठेवत नाही, पैलवानाला ती माती देवाच्या जागी असते. मांडीखालच्या चपला मी काढल्या. अंगठा पट्ट्यात जाईना. मी रडत होतो, असं शेजारचा नंतर कुणाला तरी सांगत होता. दुसऱ्या चपलेत पाय निम्माच गेला आणि तसाच फरफटत मी मातीत उतरलो.

हलगी बंद पडली. एवढ्या माणसांची शांतता मी कधी ऐकली नव्हती. पंचांनी धावत जाऊन जोड सोडवली. विश्वजित खांद्यावरून घसरून गुडघ्यांवर उतरला, मग उभा राहिला. तेवढं मी बघितलं. त्यानंतर लोक माझ्यावर आले.

पहिली थप्पड कानावर बसली. कुणीतरी शर्ट फाडला, कुणीतरी पाठीत लाथ घातली. एकजण माझी गचांडी धरून विचारत होता, कुठला तू, नाव काय, आडनाव काय. मी तिन्हीची उत्तरं दिली. त्यानंतरचे फटके जास्त जोरात आले की मलाच तसं वाटलं, ते मला आजही सांगता यायचं नाही. आता आपण मरणार, एवढंच डोक्यात होतं. प्रीतीचं तोंड आठवत होतं आणि घाम डोळ्यांत जात होता.

मग हात थांबले. गणपतराव वस्ताद माणसं बाजूला सारत आले होते. ते अनवाणी होते. त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं. असं का केलंस, म्हणून त्यांनी विचारलंसुद्धा नाही, नुसते बघत राहिले, आणि तालमीतली पोरं का वाळतात ते मला कळलं.

"त्याचा डावा हात गेलाय, वस्ताद," मी म्हणालो. "मानेतनं गेलाय. मिरजेच्या डॉक्टरनं कुस्ती बंद सांगितली आहे."

विश्वजित मागं येऊन उभा होता. अंगभर माती, श्वास फुललेला. मास्तर खोटं बोलतोय, असं तो म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला, पण तेव्हा वस्तादांकडं बघून नाही.

वस्तादांनी त्याचा डावा हात उचलला. आपली दोन बोटं त्याच्या तळव्यात ठेवली आणि त्याची बोटं स्वतःच त्यांवर मिटवली.

"दाब," ते म्हणाले.

विश्वजितनं दात आवळले. मानेच्या शिरा तटतटल्या, उजवी मूठ आपोआप वळली, दंड थरथरायला लागला. डाव्या हाताची बोटं हळूहळू उघडत गेली. कडेची माणसं पुढं सरकली होती, ती एकाएकी मागं झाली. सांगलीचा गडी जवळच होता, त्यानं मान खाली घातली.

"दाब की," वस्ताद पुन्हा म्हणाले. आता त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"न्हाय दाबत."

"कवापासनं?"

विश्वजितनं सांगितलं. ऐकून वस्ताद मातीतच खाली बसले. त्याचा हात त्यांनी सोडला नव्हता, म्हणून त्यालाही बसावं लागलं. माझ्या फाटक्या शर्टाची कॉलर कुणाच्या तरी मुठीत अजून तशीच होती.

"बोलला का न्हाईस?"

"भ्या वाटत हुतं."

"कुणाचं? जोडीचं?"

विश्वजितनं नाही म्हणून मान हलवली. अगदी थोडी हलवली, दुखणार नाही तेवढी.

"तुमचं, वस्ताद."

गणपतरावांची दोन बोटं अजून त्याच्या उघड्या तळव्यावर होती. ती त्यांनी बराच वेळ काढली नाहीत.